आशिया-पॅसिफिक अभ्यासाची पदवी: भाषा, राजकारण आणि प्रबंध यांचा क्रम कसा लावायचा

आशिया आणि पॅसिफिकच्या संस्कृती, भाषा आणि राजकारण शिकणारे विद्यार्थी मेहनतीत क्वचितच कमी पडतात. त्यांचा घोळ होतो तो क्रमात. पहिल्या वर्षी चार-पाच देशांचे रंजक कोर्स घेतले जातात, भाषा ‘पुढच्या सेमिस्टरला बघू’ म्हणून मागे राहते, आणि शेवटच्या वर्षी प्रबंधाचा विषय ठरल्यावर लक्षात येतं की त्या विषयाची कागदपत्रं ज्या भाषेत आहेत ती आपल्याला वाचताच येत नाही. मग अख्खा प्रबंध दुसऱ्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकांवर उभा राहतो, आणि परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतात.

म्हणून आखणी शेवटाकडून सुरू करा. शेवटच्या वर्षी तुमच्या टेबलावर कोणते कागद असतील? संसदेची कार्यवाही, वर्तमानपत्रं, न्यायालयाचे निकाल, मुलाखती, की लोककथांची ध्वनिमुद्रणं? ते कोणत्या भाषेत आहेत? या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर पहिल्या सेमिस्टरचं वेळापत्रक ठरतं. पुढचे टप्पे तीन ते चार वर्षांच्या पदवीसाठी आहेत.

टप्पा १: प्रदेश अरुंद करा

‘आशिया’ हा अभ्यासाचा विषय होऊ शकत नाही. ‘आग्नेय आशिया’सुद्धा फार मोठा आहे. प्रवेश अर्ज भरण्याआधी तीन आठवडे एक छोटी चाचणी करा.

१. तीन देश निवडा. त्यातला निदान एक असा असू द्या, ज्याबद्दल तुम्हाला आत्ता जवळजवळ काहीच माहीत नाही.
२. प्रत्येक देशाला एक आठवडा द्या. रोज त्या देशातल्या तीन बातम्या वाचा, त्याही त्या देशातल्याच प्रकाशनातल्या. बाहेरच्या वृत्तसंस्थांच्या नकोत.
३. रोज एक प्रश्न लिहून काढा. माहिती टिपू नका, प्रश्न टिपा.
४. तिसऱ्या आठवड्यानंतर २१ प्रश्न एकत्र वाचा. ज्या देशाबद्दलचे प्रश्न दिवसागणिक धारदार होत गेले, तो तुमचा.

तपासणी: सगळे प्रश्न ‘अमेरिका किंवा चीन इथे काय करतोय’ याच घाटाचे असतील, तर तुम्हाला त्या देशात नव्हे, महासत्तांच्या राजकारणात रस आहे. त्यात वावगं काही नाही, पण तो आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यासक्रम आहे. हे आत्ताच कळलेलं बरं.

पॅसिफिककडे वळणाऱ्यांनी ‘छोटे देश’ हा शब्द सुरुवातीलाच मोडून काढावा. किरिबातीची जमीन सुमारे ८११ चौरस किलोमीटर आहे, पण तिचं अनन्य आर्थिक सागरी क्षेत्र, म्हणजे ज्या समुद्रातल्या संपत्तीवर फक्त तिचा हक्क आहे तो पट्टा, सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर आहे. मासेमारीचे परवाने, समुद्रतळाचं खाणकाम, सागरी हद्दी हे सगळं राजकारण दुसऱ्या आकड्यावर चालतं. ज्याने फक्त जमीन मोजली त्याला या देशाचं परराष्ट्र धोरण समजणार नाही.

टप्पा २: भाषा निवडा, पण तासांचा हिशेब मांडून

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट तिच्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. कामकाजापुरतं प्रभुत्व येण्यासाठी तिथे लागणारे वर्गातले तास साधारण असे धरले जातात: इंडोनेशियन आणि मलय सुमारे ९००, व्हिएतनामी, थाई, बर्मी, ख्मेर, टागालोग सुमारे ११००, मँडरिन, कँटोनीज, जपानी, कोरियन सुमारे २२००. हे आकडे इंग्रजी मातृभाषा असलेल्या, पूर्णवेळ शिकणाऱ्या प्रौढांचे आहेत आणि घरचा अभ्यास त्यात धरलेला नाही.

आता विद्यापीठाचा हिशेब करा. आठवड्याला ५ तास, १३ आठवड्यांचं सेमिस्टर, वर्षाला दोन सेमिस्टर: झाले १३० तास. तीन वर्षांत ३९०. म्हणजे फक्त वर्गात बसून इंडोनेशियनसुद्धा अर्ध्यावर राहते आणि जपानी पाचव्या हिश्श्यावर. उरलेले तास दोन ठिकाणांहून येतात. रोज दीड तास, आठवड्याचे सहा दिवस, वर्षाचे ४८ आठवडे स्वतः बसलात तर वर्षाला ४३२ तास होतात. सुट्टीतल्या आठ आठवड्यांच्या सघन वर्गात आठवड्याला २० तास धरले तर १६० तास होतात, म्हणजे एका आख्ख्या वर्षाच्या वर्गांपेक्षा जास्त. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षामधली सुट्टी या एका कामासाठी राखून ठेवा.

इथे मराठी माणसाच्या पदरी काही गोष्टी आयत्या पडतात. पाठ्यपुस्तकं इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेली असल्यामुळे ती आपल्याला सांगत नाहीत.

जपानी आणि कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात. ‘तोक्यो कारा ओसाका मादे’ म्हणजे सरळ ‘तोक्योपासून ओसाकापर्यंत’. ‘नो’ म्हणजे चा-ची-चे. ‘काल आलेला माणूस’ ही रचना इंग्रजी पुस्तकं एक आख्खा धडा घालवून समजावतात. जपानीत ती शब्दाला शब्द तशीच आहे. म्हणून वही मराठीत ठेवा. जपानीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी असा वळसा घेतलात तर वाक्य दोनदा उलटं-सुलटं होतं. एक खड्डा मात्र आहे: आपला ‘ला’ जपानीत दोघांत वाटला जातो. ‘मित्राला भेटलो’ इथे ‘नि’ लागतो, ‘मित्राला पाहिलं’ इथे ‘ओ’. प्रत्येक क्रियापद त्याच्या प्रत्ययासकट पाठ करा.

मँडरिनच्या रोमन लिपीत, म्हणजे पिनयिनमध्ये, ‘बी’ हे अक्षर दिसलं की आपण ‘ब’ म्हणतो. तो उच्चार ‘प’च्या जवळचा आहे आणि ‘पी’चा उच्चार महाप्राण ‘फ’, म्हणजे दोन्ही ओठ मिटून काढलेला. तसंच ‘डी’ म्हणजे त, ‘टी’ म्हणजे थ, ‘जी’ म्हणजे क, ‘के’ म्हणजे ख. म्हणून राजधानीचं नाव ऐकायला ‘पेइचिंग’च्या जवळ जातं. ‘झेड’ हा आपल्या ‘चाक’मधला च आहे, ‘चित्र’मधला नव्हे. अल्पप्राण-महाप्राणाचा हा भेद इंग्रजी भाषकांना महिनोन्महिने छळतो. आपल्या कानाला तो लहानपणापासून आहे, फक्त रोमन अक्षरांनी फसू नका. सूर (आवाजाचा चढउतार बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो) मात्र आपल्याला कुणाइतकेच नवे आहेत: मँडरिनमध्ये चार आणि एक उदासीन, थाईत पाच, उत्तरेकडच्या व्हिएतनामीत सहा.

इंडोनेशियनमधलं ‘किता’ आणि ‘कामी’ म्हणजे आपलं ‘आपण’ आणि ‘आम्ही’. पापुआ न्यू गिनीच्या टोक पिसिनमध्ये तेच ‘युमि’ आणि ‘मिपेला’, टागालोगमध्ये ‘तायो’ आणि ‘कामी’. राजकीय भाषणं वाचताना हा भेद सोन्यासारखा आहे: नेता ‘किता’ म्हणतो तेव्हा ऐकणारा त्यात धरलेला असतो, ‘कामी’ म्हणतो तेव्हा बाहेर ठेवलेला. इंग्रजी भाषांतरात दोन्हींचा एकच शब्द होतो.

सावधान: अवघड भाषा निवडली म्हणजे पदवीला वजन येतं, असा समज आहे. तीन वर्षांनी अर्धवट राहिलेल्या जपानीपेक्षा वर्तमानपत्र आणि कायदा सरळ वाचता येणारी इंडोनेशियन प्रबंधाला कितीतरी जास्त उपयोगी पडते. जपानीत नेहमीच्या वापराच्या कांजींची, म्हणजे चिनीतून घेतलेल्या चिन्हांची, अधिकृत यादीच २१३६ चिन्हांची आहे. जपान हवाच असेल तर जपानी घ्याच, पण पहिल्या सेमिस्टरपासून, एक दिवसही न दवडता.

पॅसिफिकसाठी भाषा निवडताना वेगळा विचार करावा लागतो. पापुआ न्यू गिनीत ८०० हून अधिक भाषा आहेत, वानुआतूत शंभराहून अधिक. इथे दोन थर धरा: आधी संपर्कभाषा (टोक पिसिन, वानुआतूची बिस्लामा किंवा सॉलोमन बेटांची पिजिन), नंतर गरज पडली तर एका गावाची भाषा. टोक पिसिनमधले बरेच शब्द इंग्रजीतून आले आहेत म्हणून ती ‘मोडकी इंग्रजी’ समजण्याची चूक सर्रास होते. तिचं स्वतःचं व्याकरण आहे आणि संसदेतही ती बोलली जाते.

टप्पा ३: कोर्सचा नकाशा उलट्या बाजूने काढा

एका मोठ्या कागदावर सगळी सेमिस्टर लिहा आणि शेवटून भरायला लागा.

१. शेवटच्या वर्षाचा प्रबंध किंवा संशोधन-सेमिनार. त्यासाठी कोणते आधीचे कोर्स सक्तीचे आहेत?
२. त्या कोर्सना आणखी कशाची अट आहे?
३. प्रत्येक कोर्स दर वर्षी चालतो का? कमी विद्यार्थी असलेल्या भाषांचे वरचे वर्ग पुष्कळ ठिकाणी एक वर्षाआड चालतात. विवरणपुस्तिकेवर विसंबू नका, कोर्स-समन्वयकाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

सेमिस्टरमध्ये चार विषय असतील तर वाटणी अशी ठेवा: एक भाषा, एक प्रदेश, एक शास्त्र, एक मोकळा. ‘शास्त्र’ म्हणजे राज्यशास्त्र, मानववंशशास्त्र, इतिहास, भाषाविज्ञान किंवा अर्थशास्त्र यांतलं एकच, आणि तेच सलग. प्रदेशाचे कोर्स तुम्हाला माहिती देतात. त्या माहितीतून दावा कसा उभा करायचा, मुलाखत आणि आकडेवारी यांत विरोध दिसला तर काय करायचं, हे शास्त्राचा कोर्स शिकवतो. हे न केलेले विद्यार्थी एखाद्या देशाबद्दल पानंच्या पानं लिहितात आणि एकही युक्तिवाद करत नाहीत.

सावधान: भाषेत एकाही सेमिस्टरचं खिंडार पाडू नका, विशेषतः दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीच्या मधे. तिथे पाया अजून ओला असतो. वेळापत्रकात टक्कर झाली तर मोकळा विषय सोडा, मग प्रदेश सोडा, भाषा शेवटपर्यंत धरून ठेवा.

टप्पा ४: आठवड्याची भाषा-दिनचर्या

दीड तासाची फोड साधारण अशी: शब्दांची उजळणी २० मिनिटं, ऐकणं २५, वाचन ३०, लिहिणं किंवा मोठ्याने बोलणं १५.

शब्दांसाठी अँकीसारखं उजळणीचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर रोज १० ते १५ नवीन कार्डं पुरेत. उत्साहाच्या भरात रोज ४० घातली की तीन आठवड्यांत उजळणीचाच डोंगर होतो आणि विद्यार्थी सॉफ्टवेअर उघडणंच बंद करतो. सुटा शब्द घालू नका. तुम्ही वाचलेलं एक छोटं वाक्य घाला.

रोमन लिपी लवकर सोडा. कोरियन हंगुल एका आठवड्यात, जपानीच्या दोन्ही काना-लिप्या दोन-तीन आठवड्यांत हाताखाली आल्या पाहिजेत. पिनयिन उच्चार टिपण्यापुरती आणि टंकलेखनापुरती ठेवा. चिनी शिकणाऱ्यांनी लिपीचा निर्णयही आधी घ्यावा: चीन आणि सिंगापूरसाठी सुलभ चिन्हं, तैवान आणि हाँगकाँगसाठी पारंपरिक. तैवानच्या राजकारणावर प्रबंध करायचा आणि शिकायची फक्त सुलभ चिन्हं, हा घोटाळा दर वर्षी कुणी ना कुणी करतोच.

बोलण्याच्या पातळ्या पहिल्या वर्षीच हाताळा. कोरियन आणि जपानी क्रियापदं समोरच्या माणसाच्या मानाप्रमाणे बदलतात, जावानीजमध्ये ‘न्गोको’ (घरगुती बोली) आणि ‘क्रामा’ (आदराची बोली) यांचे शब्दच वेगळे, सामोअनमध्ये मानाची वेगळी शब्दावली आहे. इंडोनेशियनमध्ये खड्डा दुसऱ्या बाजूला आहे. ‘नाही’साठी वर्गात ‘तिदाक’ शिकवतात, रस्त्यावर ‘न्गाक’ ऐकू येतं. वर्गात क्रियापदाला लावलेले उपसर्ग बोलताना गळून पडतात. फक्त औपचारिक इंडोनेशियन शिकलेल्याला वर्तमानपत्र कळतं आणि मुलाखत कळत नाही. आठवड्यातला एक दिवस ऐकण्यासाठी गप्पांचे कार्यक्रम निवडा, बातम्या नकोत.

तपासणी: दर सहा आठवड्यांनी स्वतःचं दोन मिनिटांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा, तारीख टाकून ठेवा आणि आधीच्याशी ताडून पाहा. फक्त प्रमाणपत्र-परीक्षांवर विसंबू नका. जपानीची जेएलपीटी (एन ५ ते एन १) वाचन, ऐकणं आणि शब्द-व्याकरण तपासते. बोलणं आणि निबंध तीत नाहीतच. वरची पातळी उत्तीर्ण होऊन मुलाखतीत गप्प बसणारे विद्यार्थी याच कारणाने भेटतात.

टप्पा ५: नावं बरोबर लिहायला शिका

हा टप्पा किरकोळ वाटतो, पण परीक्षकाचा विश्वास इथेच जातो किंवा बसतो.

चिनी, कोरियन, जपानी आणि व्हिएतनामी नावांत आडनाव आधी येतं. पण व्हिएतनामी माणसाचा उल्लेख बहुधा शेवटच्या, म्हणजे स्वतःच्या नावाने होतो: वो न्गुएन जियाप हे ‘जनरल जियाप’. थाई नावांतही तसंच, ‘थाक्सिन’ हे दिलेलं नाव आहे आणि संदर्भसूचीतही थाई लेखक त्याच अक्षराखाली लावतात. सुकर्णो आणि सुहार्तो यांना एकच नाव. त्यांचं ‘पहिलं नाव’ शोधू नका. मेगावती सुकर्णोपुत्री यांतला दुसरा शब्द म्हणजे सुकर्णोची मुलगी, आडनाव नव्हे. मलय नावातलं ‘बिन’ किंवा ‘बिंती’ आपल्या वडिलांच्या नावासारखंच, म्हणून महाथिर बिन मोहमद यांचा उल्लेख ‘महाथिर’. ऊ थांट यांतला ‘ऊ’ हा मानाचा शब्द आहे.

पॅसिफिकमधली नावं देवनागरीत लिहिताना तर जास्तच जपा, कारण आपल्या लिपीत उच्चार सरळ दिसतो आणि चूकही सरळ दिसते. किरिबाती हा देश उच्चारतात ‘किरिबास’. फिजीच्या रोमन लेखनात ‘डी’ म्हणजे न्द, ‘बी’ म्हणजे म्ब, ‘जी’ म्हणजे ङ; म्हणून विमानतळाचं गाव ‘नांदी’, ‘नाडी’ नव्हे. सामोअनमध्येही ‘जी’ म्हणजे ङ, त्यामुळे अमेरिकन सामोआची राजधानी ‘पाङो पाङो’, ‘पागो पागो’ नव्हे. देशाचं रूढ मराठी नाव ठेवायचं की स्थानिक उच्चार, हे एकदा ठरवा आणि सगळीकडे तेच पाळा.

टप्पा ६: देशाची राजकीय फाइल तयार करा

राजकारणाचा कोर्स सुरू होण्याआधी निवडलेल्या देशाची दहा-बारा पानांची फाइल करा. क्रम महत्त्वाचा आहे.

१. दर्जा. हा देश सार्वभौम आहे, दुसऱ्याशी मुक्त सहयोगात आहे (म्हणजे सरकार स्वतःचं, पण संरक्षणासारखी काही कामं त्या दुसऱ्या देशाकडे), की परकी प्रदेश आहे? मार्शल बेटं, पलाऊ आणि मायक्रोनेशियाची संघराज्यं हे संयुक्त राष्ट्रांचे सदस्य देश आहेत आणि अमेरिकेशी मुक्त सहयोगाच्या कराराने बांधलेले आहेत. कुक बेटं आणि निऊए न्यूझीलंडशी मुक्त सहयोगात आहेत. ग्वाम अमेरिकेचा प्रदेश, न्यू कॅलेडोनिया आणि फ्रेंच पॉलिनेशिया फ्रान्सचे. या सगळ्यांना ‘बेटराष्ट्रं’ म्हणणं ही पहिल्या पानावरची चूक.
२. निवडणूक पद्धत. फिजीच्या २०१३ च्या राज्यघटनेत सगळा देश एकच मतदारसंघ आहे आणि ५ टक्क्यांचा उंबरठा आहे, म्हणजे त्याहून कमी मतं मिळाली तर जागा नाही. पापुआ न्यू गिनीत मतदार तीन पसंती देतो. सामोआत उमेदवार ‘मताई’, म्हणजे कुलप्रमुखाची पदवी असलेलाच लागतो. टोंगात २०१० च्या सुधारणेनंतर १७ जागा जनतेच्या आणि ९ सरदारांच्या. हे ठाऊक नसताना ‘पक्षांची लढत’ समजावू पाहणारा विद्यार्थी नसलेल्या गोष्टीबद्दल लिहीत असतो.
३. सत्ता प्रत्यक्षात कुठे आहे: लष्कर, राजघराणं, पक्ष, चर्च, प्रांत?
४. पैसा कुठून येतो: कर, खनिजं, मासेमारी-परवाने, परदेशातून येणारं पाठवणीचं धन, मदत? मदतीचे आकडे वाचताना ‘कबूल केलेली’ रक्कम आणि ‘खर्च झालेली’ रक्कम वेगळ्या ओळींत लिहा. पॅसिफिकवरचे किती तरी लेख पहिल्या आकड्यावर निष्कर्ष काढतात.
५. बाहेरचे करार आणि संघटना: आसियान (१९६७), पॅसिफिक आयलंड्स फोरम (१९७१), संरक्षण-करार. हे मुद्दाम शेवटी ठेवलं आहे.

मूळ साधनं लवकर ओळखीची करून घ्या. पॅसिफिक देशांचे कायदे आणि निकाल ‘पॅकली’ या मोफत संकेतस्थळावर मिळतात. जपानच्या संसदेची १९४७ पासूनची कार्यवाही शब्दाने शोधता येते. पॅसिफिकमधली दुर्मीळ हस्तलिखितं १९६८ पासून पॅसिफिक मॅन्युस्क्रिप्ट्स ब्युरो प्रती काढून जतन करत आला आहे, आणि लहान भाषांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी ‘पॅराडिसेक’ हे डिजिटल संग्रहालय आहे.

टप्पा ७: परदेशी सेमिस्टर

निदान दोनशे तास भाषा झाल्याशिवाय जाऊ नका. त्याआधी गेलेला विद्यार्थी चार महिने इंग्रजी बोलणाऱ्यांतच राहतो. तयारी बारा महिने आधी सुरू करा. कोणत्या कोर्सचे किती क्रेडिट मूळ विद्यापीठ धरणार, हे निघण्यापूर्वी लेखी मंजूर करून घ्या. राजधानीपेक्षा दुय्यम शहर आणि वसतिगृहापेक्षा कुटुंबाकडचं राहणं भाषेला जास्त मानवतं.

टप्पा ८: परवानग्या

मुलाखती, निरीक्षण, प्रश्नावली, ध्वनिमुद्रण यांतलं काहीही करणार असाल तर तीन वेगळ्या परवानग्या लागू शकतात आणि एकीने दुसरीचं काम भागत नाही.

१. तुमच्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी. ती मिळण्याआधी घेतलेली मुलाखत प्रबंधात वापरता येत नाही.
२. देशाची संशोधन-परवानगी. इंडोनेशियात परदेशी संशोधकाला बीआरआयएन या राष्ट्रीय संशोधन संस्थेमार्फत जावं लागतं. वानुआतूत वानुआतू सांस्कृतिक केंद्राशी करार करावा लागतो. पर्यटक व्हिसावर संशोधन करणं हा गुन्हा ठरू शकतो, आणि त्याची झळ तुमच्याशी बोललेल्या माणसांनाही लागते.
३. गावाची परवानगी. फिजीत गावात शिरताना ‘सेवुसेवु’, म्हणजे यांगोना मुळी अर्पण करून परवानगी मागणं, हा प्रवेशाचा रीतसर मार्ग आहे. कोणाबरोबर जायचं, कोणापुढे ठेवायची, हे त्या भागातल्या माणसाकडून आधी समजून घ्या.

सावधान: ‘तालानोआ’ ही पॅसिफिकमधली मोकळ्या संवादाची पद्धत संशोधनात मान्य आहे. म्हणून नेहमीची मुलाखत घेऊन तिला हे नाव चिकटवण्याची टूम निघाली आहे. तालानोआत बोलणं दोन्ही बाजूंनी होतं, वेळ समोरचा ठरवतो आणि नातं मुलाखतीनंतर संपत नाही. हे पाळणं जमणार नसेल तर साधा ‘मुलाखत’ हा शब्द लिहा.

टप्पा ९: प्रबंध

विषयाचा आकार तीन गोष्टींनी बांधा: एक ठिकाण, एक काळ, एक प्रकारचं साधन. ‘इंडोनेशियातली लोकशाही’ हा विषय नव्हे. ‘एका प्रांतातल्या एका वर्तमानपत्राने २००४ च्या पहिल्या थेट अध्यक्षीय निवडणुकीचं वार्तांकन कसं केलं’ हा विषय आहे.

विषय मंजुरीला देण्याआधी दोन आठवड्यांची शोधचाचणी करा. त्या भाषेतले निदान ३० मूळ कागद प्रत्यक्ष उघडता येतात का, ते पाहा. यादीत दिसणं पुरेसं नाही. उघडले पाहिजेत आणि तुम्हाला वाचता आले पाहिजेत. एका पानाला किती मिनिटं लागतात ते मोजा. पानाला ४० मिनिटं लागत असतील तर ३०० पानं म्हणजे २०० तास. ते तुमच्याकडे आहेत का?

शोध फसतो तो बहुतेकदा स्पेलिंगमुळे, कारण बदललेलं नाव किंवा जुनी लेखनपद्धत शोधयंत्राला आपोआप कळत नाही. इंडोनेशियन लेखन १९७२ मध्ये सुधारलं: जुनं ‘डीजे’ हे ‘जे’ झालं, ‘टीजे’ हे ‘सी’ झालं, आणि ‘ओई’ त्याआधीच, १९४७ मध्ये ‘यू’ झालं होतं. १९६० च्या दशकातली वर्तमानपत्रं शोधताना जुनी अक्षरं टाकली नाहीत तर ‘काहीच सापडलं नाही’ असा खोटा निष्कर्ष निघतो. कोरियनसाठी २००० साली नवी अधिकृत रोमन पद्धत आली, पण मोठ्या ग्रंथालयांच्या सूची अजून जुन्या मॅक्यून-रायशावर पद्धतीवर चालतात. बुसान हे शहर तिथे ‘पी’खाली सापडतं. चिनी नावांच्याही दोन पद्धती, म्हणून माओ झेडाँग आणि माओ त्से-तुंग दोन्ही शोधा. देशांची नावं तर बदललीच: गिल्बर्ट बेटं आताची किरिबाती (१९७९), न्यू हेब्रिडीज आताचं वानुआतू (१९८०), एलिस बेटं आताचं तुवालू (१९७८ ला स्वतंत्र), वेस्टर्न सामोआ १९९७ पासून नुसतं सामोआ. प्रत्येक नावाच्या सगळ्या रूपांची एक तक्ता-वही करा आणि प्रत्येक शोध त्या वहीतून करा. मूळ लिपीतलं नावही त्याच ओळीत ठेवा.

यांत्रिक भाषांतर कुठे वापरायचं? कागद कामाचा आहे की नाही, हे चाळून पाहण्यापुरतं. उद्धृत करायच्या ओळीसाठी कधीही नाही. जपानी, कोरियन आणि चिनी वाक्यांत कर्ता पुष्कळदा लिहिलेलाच नसतो. यंत्र तो मनाने घालतं आणि ‘सरकारने ठरवलं’ की ‘समितीने ठरवलं’ हा फरकच पुसतो. इंडोनेशियन ‘दिया’ला लिंग नाही, पण मराठी क्रियापदाला ते लागतंच. म्हणून ‘तो म्हणाला’ की ‘ती म्हणाली’ हे लिहिण्यापूर्वी ती व्यक्ती कोण हे शोधा.

वेळापत्रक दहा महिन्यांचं धरा: दोन महिने शोध आणि प्रश्न पक्का करणं, तीन महिने वाचन आणि टिपणं, तीन महिने लेखन, एक महिना मार्गदर्शकाच्या सूचना, एक महिना तपासणी. नैतिकता समितीकडे जायचं असेल तर त्यात आणखी दोन-तीन महिने जोडा. टिपणात मूळ वाक्य, तुमचं भाषांतर आणि पानाचा क्रमांक तिन्ही एकाच जागी हवेत. आठ महिन्यांनी मूळ वाक्य परत शोधण्यात लोकांचे आठवडे गेले आहेत.

शेवटच्या महिन्यातली तपासणी या क्रमाने करा: प्रत्येक व्यक्तीचं नाव, प्रत्येक देशाचा दर्जा, प्रत्येक तारीख, प्रत्येक उद्धृत ओळीचं भाषांतर मूळाशी ताडून. भाषांतरं ती भाषा मातृभाषा असलेल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा, आणि तो जिथे थांबेल तिथे खूण करा.